फायटर जेटला चावी नसते

मागच्या व्याख्यानानंतर एका मुलाने मला गाठलं आणि विचारलं, सर, मिलिटरीचं फायटर जेट कोणी चोरू शकतं का? आजूबाजूचे सगळे हसले, मीपण हसलो, पण नंतर वाटलं की हसण्यासारखा नाहीये हा प्रश्न. कारण उत्तर आहे हो, चोरलंय, एकदा नाही बऱ्याचदा चोरलंय. फक्त आपण चोर म्हटल्यावर जो माणूस डोळ्यासमोर येतो ना, तोंडाला फडकं बांधून कुंपणावरून उडी मारणारा, त्याने जवळपास कधीच नाही.

आधी चावीचं सांगतो, कारण पहिला प्रश्न नेहमी तोच येतो. बहुतेक फायटर जेटला गाडीसारखी चावी नसते. म्हणजे बसा, बॅटरी ऑन करा, ठरलेल्या क्रमाने स्विच दाबा की इंजिन सुरू. ऐकायला सोपं वाटतं, पण तो क्रम माहीत नसेल तर तुम्ही आतमध्ये नुसते बसून राहाल, आणि जुन्या बऱ्याच विमानांना इंजिन फिरवायला बाहेरून वीज नाहीतर दाबाची हवा देणारी गाडी लावावी लागते, ती लावणारा माणूस लागतो, चाकांखालचे ठोकळे काढायला माणूस लागतो, इजेक्शन सीटच्या (संकटात पायलटला विमानाबाहेर फेकणारी खुर्ची) आणि चाकांच्या सेफ्टी पिना काढायला लागतात, त्यांना लाल फिती लावलेल्या असतात, आणि हे सगळं करून इंजिन सुरू झालं की जो आवाज होतो त्याने अख्खा तळ जागा होतो. चोरीचा मामला आणि हळूहळू बोंबला म्हणतात ना, इथे हळूहळू बोंबलायची सोयच नाही.

बरं, अगदीच नवखा माणूस उडवू शकेल का? यावर एक किस्सा आहे, चोरीचा नाहीये पण सांगितल्याशिवाय राहवत नाही. 22 जुलै 1966, इंग्लंडमधला लायनम तळ. विंग कमांडर हॉल्डन म्हणून एक इंजिनियर अधिकारी होते, लायटनिंग जातीच्या जेटमध्ये विजेचा काहीतरी बिघाड होता तो शोधत होते. पद्धत अशी की रनवेवर थोडं पळवायचं, थांबवायचं, बघायचं. त्यांना छोटी ट्रेनर विमानं उडवायची सवय होती, जेटची अजिबात नाही. आणि एका फेरीत थ्रॉटल, म्हणजे इंजिनाचा जोर वाढवायचा दांडा, जरा जास्त पुढे गेला आणि आफ्टरबर्नर लागला, म्हणजे मागच्या झोतात जास्तीचं इंधन जाळून मिळणारा जबरदस्त जोर, दांडा काही मागे येईना, समोरून इंधनाचा टँकर रनवे ओलांडतोय, पुढच्या क्रॉस रनवेवरून दुसरं विमान उडतंय, आणि हे निघाले सुसाट. थांबायला जागा उरली नाही म्हणून उडाले! कॅनोपी, म्हणजे डोक्यावरची काच, काढून ठेवलेली, हेल्मेट नाही, रेडिओ नाही, इजेक्शन सीट पिना लावून बंद केलेली, म्हणजे उडी मारायचीही सोय नाही. दोनदा उतरायचा प्रयत्न फसला, तिसऱ्यांदा शेपूट घासत उतरवलं. साधारण 12 मिनिटं हवेत होते. ते विमान आज इंग्लंडमधल्या डक्सफर्डच्या म्युझियममध्ये बघायला मिळतं. सांगायचा मुद्दा, उडवणं जमून जाईलही कदाचित, उतरवणं नशिबावर.

खरोखर न विचारता नेलं असंही झालंय. 1986 च्या जुलैमध्ये कॅलिफोर्नियात एल टोरो तळावर मरीन कोअरच्या एका तरुण मेकॅनिकने मध्यरात्री पायलटचा ड्रेस घालून ए-4 स्कायहॉक घेतलं आणि समुद्रावर पाऊण तास गिरक्या मारून परत तिथेच आणून उतरवलं. त्याला पायलट व्हायचं होतं आणि ग्लायडरने खूप उंच जाण्याच्या नादात तब्येतीला इजा झाल्यामुळे ते स्वप्न तुटलं होतं. काही महिने कैद झाली. हा मला चोर वाटतच नाही, रुसलेला मुलगा वाटतो. पण बघा, हा काय बाहेरचा होता का? तो रोज त्याच विमानांना हात लावत होता.

आता खरे चोर. हे सगळे पायलट. म्हणजे ज्यांच्या हातात सरकारने स्वतः विमान दिलं, टाकी भरून दिली, जा म्हणाले, आणि ते गेले ते परत आलेच नाहीत. 6 सप्टेंबर 1976 ला व्हिक्टर बेलेन्को हा सोव्हिएत पायलट चुगुयेव्का तळावरून मिग-25 घेऊन ट्रेनिंगला निघाला, मध्येच खाली झेपावला, रडारच्या नजरेखालून समुद्र ओलांडला आणि जपानमध्ये हाकोदातेच्या नागरी विमानतळावर जाऊन उतरला. एका प्रवासी विमानाला धडकता धडकता वाचला, रनवे संपून पुढे चिखलात घुसला, टाकीत काही सेकंदांपुरतं इंधन उरलेलं. त्या विमानाला अमेरिका वचकून होती, त्यांना वाटायचं टायटॅनियमचं असेल, काहीतरी अद्भुत असेल, आणि उघडून बघतात तर बहुतेक भाग निकेल मिसळलेल्या स्टीलचा, आणि इलेक्ट्रॉनिक्समध्ये जुन्या रेडिओत असायचे तसले व्हॅक्यूम ट्यूब. हसले म्हणे सगळे. पण त्या ट्यूबवाल्या रडारमध्ये ताकद प्रचंड होती, त्यामुळे हसणाऱ्यांनी जरा घाईच केली असं माझं मत आहे.

दुसरा अलेक्झांडर झुयेव, 20 मे 1989, मिग-29, जॉर्जियातल्या तळावरून तुर्कस्तानात त्राब्झोनला. याने काय केलं, केक केला आणि त्यात झोपेच्या गोळ्या घातल्या आणि ड्युटीवरच्या सहकाऱ्यांना प्रेमाने खाऊ घातला. ते झोपले. मग टेलिफोनच्या तारा कापल्या, विमानाजवळच्या पहारेकऱ्याशी झटापट झाली, गोळीबार झाला, याच्या दंडात गोळी घुसली, तसाच एका हाताने विमान सुरू करून उडाला. जगातल्या त्या वेळच्या सगळ्यात कडक बंदोबस्तात भोक कुठे पडलं तर केकमध्ये.

म्हणून मी म्हणतो की कुलूप विमानाला नसतं, ते माणसाला घातलेलं असतं. कसलं कुलूप? बायकोमुलांचं. पायलट उडतो पण घर खाली असतं. इस्रायलच्या मोसाद या गुप्तहेर संघटनेला हे बरोबर कळलं होतं. त्यांना मिग-21 पाहिजे होतं, इराकी पायलट मुनीर रेद्फाला वळवलं, पण त्याच्या कुटुंबाला इराकबाहेर काढायची व्यवस्था केली तेव्हा कुठे तो 16 ऑगस्ट 1966 ला विमान घेऊन इस्रायलमध्ये उतरला. सोव्हिएत गुप्तहेरांनी असाच प्रयत्न 1969 मध्ये लेबनॉनमध्ये केला, मिराज हे फ्रेंच फायटर जेट पळवायचं होतं, पण ज्या पायलटला पैशाचं आमिष दाखवलं त्याने सरळ वरच्यांना जाऊन सांगितलं आणि शेवट बैरुतमध्ये गोळीबाराने झाला.

आणि क्यूबाचा ओरेस्तेस लोरेन्झो. हा मार्च 1991 मध्ये मिग-23 घेऊन फ्लोरिडात उतरला, बायको आणि दोन मुलगे मागे राहिले, क्यूबा त्यांना सोडेना. त्याने सगळीकडे अर्ज विनंत्या करून बघितल्या, काही होईना, तेव्हा 19 डिसेंबर 1992 ला हा गडी एक जुनं दोन इंजिनांचं सेसना घेऊन लाटांना चिकटून परत क्यूबात गेला, किनाऱ्याजवळच्या हायवेवर गाड्यांच्या मध्ये उतरला, तिघांना आत घेतलं आणि उडाला. मिग पळवण्यापेक्षा ही चोरी मला जास्त मोठी वाटते.

विकायचं म्हणाल तर विसरा. फायटर जेटला गिऱ्हाईक एकच, दुसरं एखादं सरकार. लपवायला रनवे पाहिजे, हँगर पाहिजे, सुटे भाग पाहिजेत, आफ्टरबर्नर लावून पळालात तर टाकी काही मिनिटांत रिकामी. (हरवणं मात्र शक्य आहे हं. सप्टेंबर 2023 मध्ये अमेरिकेत पायलट इजेक्ट झाला आणि त्याचं एफ-35 एकटंच पुढे उडत गेलं, सैन्याला लोकांना आवाहन करावं लागलं की दिसलं तर कळवा. अवशेष दुसऱ्या दिवशी मिळाले.) म्हणून शहाणे चोर अख्खं विमान नेतच नाहीत, तुकडे नेतात. मलेशियाच्या हवाई दलाची एफ-5 ची दोन इंजिनं गायब झाली, 2009 मध्ये बोभाटा झाला, आणि माग निघाला तो थेट दक्षिण अमेरिकेत. ही चोरीसुद्धा आतल्यांच्या मदतीने.

1967 चा जर्मनीतला प्रकार तर कहर आहे. नॉयबुर्ग तळावरून सोव्हिएत हस्तकांनी साइडवाइंडर हे फायटर जेटला लावायचं मिसाइल चोरलं, रनवेच्या बाजूने हातगाडीवरून ढकलत आणलं, मर्सिडीजमध्ये घातलं तर मावेना, मग मागची काच फोडली, बाहेर आलेल्या भागावर गालिचा टाकला आणि टोकाला लाल फडकं बांधलं, कारण वाहतुकीचा नियम आहे ना, लांब सामान बाहेर आलं तर फडकं पाहिजे! नंतर सुटं करून विमानाच्या पार्सलने मॉस्कोला. यांच्यातही एक जण तिथलाच स्टारफायटर या जेटचा पायलट होता, परत तेच.

आता शेवटचं, पळवून आणलेल्या विमानाचं पुढे काय होतं. 21 सप्टेंबर 1953 ला उत्तर कोरियाचा नो कुम-सोक मिग-15 घेऊन दक्षिण कोरियात किम्पोला उतरला, तेही रनवेच्या उलट्या दिशेने. मिग आणून देणाऱ्याला अमेरिकेने एक लाख डॉलरचं बक्षीस लावलं होतं आणि त्याला त्याचा पत्ताच नव्हता. अमेरिकेने विमान तपासून झाल्यावर जाहीर केलं की मूळ मालकाने येऊन घेऊन जावं. कोणी आलं नाही. ते आता अमेरिकेत डेटनच्या म्युझियममध्ये उभं आहे.

बेलेन्कोचं मिग-25 मात्र मॉस्कोने ठणकावून परत मागितलं. जपानने दिलं की. आधी अमेरिकन लोकांना बोलावून स्क्रू न् स्क्रू उघडून बघितलं, चोरावर मोर, आणि दोन महिने उलटल्यावर 30 खोक्यांमध्ये भरून जहाजाने पाठवून दिलं. सोबत बिल लावलं, खोकी पॅक करायचे आणि हाकोदातेच्या विमानतळाच्या नुकसानीचे मिळून 40,000 डॉलर.