ईआर निगेटिव्ह: सेंट जॉन्सच्या फिरलेल्या स्लाइड्स

(दृश्य: धुक्यातला समुद्रकिनारा, उतारावरची रंगीत लाकडी घरं)

कॅनडाच्या अगदी पूर्वेला, अटलांटिक महासागरात, न्यूफाउंडलंड हे बेट आहे. कॉड मासळीवर पिढ्यान् पिढ्या पोट भरलेलं. सेंट जॉन्स ही तिथली राजधानी. २००५ साली इथल्या एका कर्करोगतज्ज्ञाला आपल्या पेशंटचा जुना रिपोर्ट खटकला. स्तनाचा कर्करोग, लोब्युलर (दुधाच्या ग्रंथींत सुरू होणाऱ्या) प्रकारचा, आणि रिपोर्टवर लिहिलेलं: ईआर निगेटिव्ह, म्हणजे गाठीत इस्ट्रोजेन या हार्मोनची बसायची जागा नाही. अशा गाठी बहुतेक वेळा पॉझिटिव्ह निघतात. त्यांनी तपासणी पुन्हा करायला सांगितली. मधल्या काळात लॅबमध्ये नवं स्वयंचलित यंत्र आलं होतं. त्यावर तीच गाठ पॉझिटिव्ह आली.

मग कपाटातून आणखी जुने ब्लॉक, म्हणजे मेणात जपलेले गाठींचे तुकडे, निघाले. त्यांचेही निकाल निगेटिव्हचे पॉझिटिव्ह झाले. शेवटी १९९७ ते २००५ या काळातले नमुने फेरतपासणीसाठी टोरांटोच्या माउंट सिनाई हॉस्पिटलला गेले. जवळजवळ चारशे पेशंटचे रिपोर्ट चुकीचे निघाले.

(दृश्य: टॅमॉक्सिफेनची स्ट्रिप, हातात पाण्याचा ग्लास)

ईआर म्हणजे इस्ट्रोजेन रिसेप्टर, पीआर म्हणजे प्रोजेस्टेरॉन रिसेप्टर. स्तनाच्या बहुतेक कर्करोगांत पेशीच्या केंद्रकात हे रिसेप्टर असतात. रक्तातलं इस्ट्रोजेन तिथे येऊन बसतं आणि पेशी वाढू लागते. टॅमॉक्सिफेन हे औषध ती जागा आधीच अडवतं. ईआर पॉझिटिव्ह पेशंटने ही गोळी पाच वर्षं नेमाने घेतली, तर आजार उलटण्याचं प्रमाण जवळपास ४० टक्क्यांनी आणि त्या आजाराने होणारे मृत्यू साधारण एकतृतीयांशाने कमी होतात. निगेटिव्ह पेशंटला तिचा उपयोग नाही, म्हणून ती दिलीच जात नाही.

सेंट जॉन्सच्या त्या पेशंटना नेमकी हीच गोळी मिळाली नव्हती. चौकशी सुरू होईपर्यंत त्यांतले शंभरावर जण गेलेले होते. गोळी मिळाली असती तर कितीजण वाचले असते, हे कुणालाच सांगता येणार नाही. कुटुंबांना सगळ्यात जास्त सलणारी गोष्ट बहुधा हीच असावी.

(दृश्य: जुनी कृष्णधवल छायाचित्रं)

हार्मोन आणि स्तनाचा कर्करोग यांचं नातं जुनं आहे. ग्लासगोचे सर्जन जॉर्ज बीटसन यांनी १८९६ मध्ये लिहून ठेवलं की अंडाशय काढल्यावर काही स्त्रियांच्या गाठी विरघळल्या. काहींच्याच का, याचं उत्तर मिळायला साठेक वर्षं लागली. शिकागोत एल्वुड जेन्सन यांनी किरणोत्सारी खूण लावलेलं इस्ट्रोजेन वापरून रिसेप्टर शोधला. सुरुवातीच्या तपासणीला ताजा, गोठवलेला तुकडा लागायचा. पुढे रिसेप्टरला नेमक्या चिकटणाऱ्या अँटिबॉडी आल्या आणि मेणातल्या तुकड्यावरच तपासणी होऊ लागली.

(दृश्य: बायोप्सीची सुई, फॉर्मॅलिनची बाटली, जवळून)

आता ही तपासणी जवळून पाहू. स्प्रिंगची सुई खट्कन् आत जाते आणि शेवयांसारखे बारीक तुकडे घेऊन बाहेर येते. ते ताबडतोब फॉर्मॅलिनमध्ये पडले पाहिजेत. जास्तीत जास्त तासाभरात. फॉर्मॅलिन १० टक्क्यांचं, बफर घातलेलं, आणि तुकड्याच्या किमान दहापट. त्यात तुकडा कमीत कमी ६ तास, फार तर ७२ तास. कमी भिजला तर पेशी नीट टिकत नाहीत, जास्त भिजला तर रिसेप्टर झाकला जातो. म्हणजे ज्या रिपोर्टवर पाच-दहा वर्षांचे उपचार ठरणार, त्याचं भवितव्य पॅथॉलॉजिस्टने मायक्रोस्कोपला डोळा लावण्याआधीच ठरून गेलेलं असू शकतं. बाटली कुणी भरली, किती वाजता भरली, वर वेळ लिहिली का? सलाईनमध्ये टाकून पाठवलेल्या तुकड्यावर नंतर कितीही भारी यंत्र लावलं तरी गेलेलं परत येत नाही.

पुढे तुकडा मेणात बसवतात. हा झाला ब्लॉक. मायक्रोटोम या कापणाऱ्या यंत्रावर त्याचा तीन-चार मायक्रॉनचा काप काढून काचेवर घेतात. फॉर्मॅलिनने झाकलेला रिसेप्टर उघडा करायला काप विशिष्ट द्रावणात तापवावा लागतो. बऱ्याच लॅबमध्ये या कामाला चक्क प्रेशर कुकर असतो. मग अँटिबॉडी, मग रंग. रिसेप्टर असेल तर केंद्रक तपकिरी, नसेल तर निळं.

(दृश्य: मायक्रोस्कोपखालची स्लाइड, तपकिरी आणि निळी केंद्रकं)

गाठीच्या १ टक्का पेशी जरी तपकिरी झाल्या, तरी आजच्या नियमाने ईआर पॉझिटिव्ह. १ ते १० टक्के असेल तर 'लो पॉझिटिव्ह' असं वेगळं नोंदवतात. आपल्याकडच्या अनेक रिपोर्टांवर ऑलरेड स्कोअर दिसतो, ८ पैकी. त्यातले ५ पेशींच्या प्रमाणाचे आणि ३ रंगाच्या गडदपणाचे. हर टू या प्रथिनाचा तिसरा तपास वेगळा; त्यात २ प्लस, म्हणजे संदिग्ध, आलं की सहसा फिश नावाची जनुकाची तपासणी करतात. त्याच्या खोलात आज जात नाही.

या स्लाइडवर एक साक्षीदार मात्र आपणहून हजर असतो. गाठीशेजारच्या निरोगी दुग्धनलिका. त्यांतल्या काही पेशी नेहमीच ईआर पॉझिटिव्ह असतात. त्या तपकिरी झाल्या आणि गाठ निळी राहिली, तर निगेटिव्हवर विश्वास ठेवावा. त्याही निळ्याच राहिल्या तर? मग गाठीबद्दल काहीच कळलेलं नाही, फक्त तपासणी फसल्याचं कळलंय.

न्यूफाउंडलंडमध्ये या साक्षीदाराकडे पुरेसं लक्ष गेलं नाही. न्यायमूर्ती मार्गारेट कॅमेरॉन यांच्या चौकशी आयोगाने मार्च २००९ मध्ये अहवाल दिला. तुकडे भिजवण्यात ढिलाई, कामाची पद्धत धड लिहिलेली नाही, बाहेरच्या लॅबकडून पडताळणी नाही. खलनायक कुणीच नाही. ढिसाळपणा मात्र वर्षानुवर्षांचा. त्यावर कडी म्हणजे पेशंटना वेळेवर सांगितलंही नाही. बातमी ऑक्टोबर २००५ मध्ये वर्तमानपत्राने फोडली, आणि चुकांचं खरं प्रमाण लोकांना कळायला २००७ उजाडलं.

(दृश्य: परळ, हातात पिशवी आणि फायली घेतलेले नातेवाईक)

आपल्याकडे? मुंबईच्या टाटा मेमोरियलमधून २००० साली ७९८ गाठींचा अभ्यास प्रसिद्ध झाला. ईआर पॉझिटिव्ह निघाल्या जेमतेम एकतृतीयांश. पाश्चात्त्य देशांत हे प्रमाण ७० टक्क्यांच्या पुढे असतं. आपल्याकडे तरुण वयात होणारा कर्करोग जास्त, हे त्यामागचं एक कारण. पण पुढच्या काही वर्षांत याच संस्थेच्या आकडेवारीत प्रमाण निम्म्याच्या वर गेलं. बायकांचं शरीर इतक्या लवकर बदलत नाही. त्यामुळे तुकडा भिजवण्याची रीत आणि मोजण्याची पट्टी यांचाही त्यात वाटा होता, असं मानायला जागा आहे.

मोठ्या हॉस्पिटलात गेल्यावर 'ब्लॉक आणि स्लाइड घेऊन या' असं सांगतात, ते उगाच नाही. ब्लॉक असला की तपासणी पुन्हा करता येते. निगेटिव्ह आलंय आणि गाठीच्या प्रकाराशी जुळत नाही, तर 'शेजारच्या निरोगी नलिका रंगल्या होत्या का?' असं डॉक्टरांना बिनधास्त विचारा. यात कुणाचा अपमान नाही.

आजार उलटून हाडात किंवा यकृतात दिसला, तर डॉक्टर पुन्हा तुकडा काढायला सांगतात. 'एकदा झालंय ना सगळं?' म्हणून घरचे वैतागतात. पण नव्या जागेवरचा ईआर पहिल्या गाठीपेक्षा वेगळा निघू शकतो. तुकडा हाडाचा असेल तर लॅबला आधी कळवायला हवं. हाड मऊ करायला तीव्र ॲसिड वापरलं तर रिसेप्टरही खराब होतो आणि रिपोर्ट खोटाच निगेटिव्ह येऊ शकतो. त्यासाठी ईडीटीए हे सौम्य रसायन वापरतात. त्याला जास्त दिवस लागतात, तेवढे द्यावेत.