कूलरची ताटी आणि टाकीतली रेती

मंडळी, मे महिन्यात कूलरच्या ताट्या बदलायला काढल्या की त्यांवर पांढरा, खरखरीत थर बसलेला दिसतो. पाणी उडून जातं, क्षार मागे राहतात. समुद्री मासे पाळणाऱ्या नागपूरकरानं हा थर एकदा नीट बघून ठेवावा.

आपल्याकडे पारा 45 च्या वर जातो आणि हवा कोरडी असते. टाकीचं पाणी 25-26 अंशांवर राहावं म्हणून आपण वर पंखे लावतो. माझ्या 200 लिटरच्या टाकीतून त्या दिवसांत रोज तीन-चार लिटर पाणी उडतं. मीठ उडत नाही, म्हणून भर गोड्या पाण्याचीच घालायची, हे तुम्ही जाणताच. पण ते पाणी नळाचं किंवा बोअरचं असेल, तर त्यातलं सिलिकेट, नायट्रेट, फॉस्फेट रोज थोडं थोडं आत जातं. महिन्याभरात शंभर लिटर पाण्यातलं सगळं तिथेच साठतं. शेवाळाला आणखी काय हवं? घरच्या पुष्कळ आरओंमध्ये चवीसाठी थोडं कच्चं पाणी मिसळायची सोय असते, तेही चालत नाही. आरओच्या पुढे डीआय रेझिन, म्हणजे उरलेसुरले क्षार शोषून घेणारे दाणे, लावा. विरघळलेले क्षार मोजणाऱ्या टीडीएस मीटरवर शून्यच आलं पाहिजे.

आता रेती. माझी टाकी तीन वर्षांची होती, रेतीचा थर चार इंचांचा. वरच्या लालसर थराला कंटाळून एका रविवारी मी सगळी रेती तळापर्यंत उकरली. खालून काळे पट्टे वर आले आणि सडक्या अंड्यांचा वास सुटला. संध्याकाळपर्यंत क्लाउनफिशची जोडी गेली. पृष्ठभागाशी धापा टाकणारी ती मादी अजून डोळ्यांसमोर येते.

झालं असं, की खोल रेतीत ऑक्सिजन पोचत नाही. तिथले जिवाणू नायट्रेटमधला ऑक्सिजन वापरतात आणि नायट्रोजन वायू सोडतात. हे आपल्या फायद्याचं. पण नायट्रेटही संपतं तिथे सल्फेटपासून हायड्रोजन सल्फाइड तयार होतो, आणि तो विषारी असतो. म्हणून जाड थराच्या खालच्या रेतीला हात लावू नका. फक्त वरचा अर्धा इंच सायफननं ओढा. थर इंच-दीड इंचाचा असेल तर तळापर्यंत चालेल, पण एका आठवड्यात पाव भागच.

उपाय करण्याआधी शेवाळ ओळखा. नव्या टाकीत रेतीवर तपकिरी भुकटी दिसली तर ते डायटम, म्हणजे सिलिकेटवर वाढणारं सूक्ष्म शेवाळ. सिलिकेट संपलं की काही आठवड्यांत आपोआप जातात. दुधावरच्या सायीसारखा सोलून निघणारा लाल थर हा सायनोबॅक्टेरिया, म्हणजे जिवाणू, मुळात शेवाळ नव्हेच. तिथे प्रवाह वाढवा, खाणं कमी करा. पण बुडबुडे अडकलेले तपकिरी धागे दिवसा वाढून रात्री विरळ होत असतील तर डायनोफ्लॅजेलेट या एकपेशीय जीवांचा संशय घ्या. ते बऱ्याचदा नायट्रेट-फॉस्फेट शून्यावर आल्यावरच येतात. अशा वेळी घाबरून पाणी बदलत सुटलात तर ते आणखी फोफावतात. आधी चाचणी करा.

आणि नासारियस गोगलगाई जरूर ठेवा. दिवसभर त्या रेतीत गाडलेल्या असतात. खाण्याचा कण पडला की जागोजागी रेती हलते, आधी सोंड वर येते, मग शंख.