२८ डिसेंबरचा मुलगा

(आझाद मैदान, सकाळ. पावसाचा आवाज.)

जुलै महिना. मैदानाच्या या कोपऱ्यात गवत उरलेलं नाही, नुसता चिखल. मुंबईत फुटबॉल रंगतो तो पावसाळ्यात. क्रिकेटच्या खेळपट्ट्या झाकल्या जातात आणि मैदान काही महिन्यांसाठी या पोरांच्या हाती येतं. आज इथे अंडर-थर्टीन संघाची निवड आहे.

पण चेंडूच्या आधी कागद. एका छत्रीखाली टेबल, टेबलावर प्लास्टिकच्या पिशव्यांत गुंडाळलेले जन्मदाखले. आधार कार्डाची झेरॉक्स, शाळेचं बोनाफाइड. पावसात कोरडं राहिलेलं एवढंच. सरांचं बोट प्रत्येक दाखल्यावर एकाच ओळीपाशी थांबतं. जन्म १ जानेवारी २०१३ किंवा त्यानंतरचा हवा.

(मुलांची रांग, डावीकडून उजवीकडे.)

आता ही रांग नीट बघा. अजून कुणी चेंडूला पायही लावलेला नाही. डावीकडचा तो उंच मुलगा जानेवारी २०१३ चा. ओठांवर मिसरूड दिसायला लागलंय. आणि उजव्या टोकाला, बाहीने तोंड पुसतोय तो, २८ डिसेंबर २०१३ चा. सालातला शेवटून चौथा दिवस. त्याचं डोकं पहिल्याच्या खांद्याला लागतं. दाखल्यावर दोघांचं साल एकच, म्हणून दोघं एकाच गटात.

त्याची आई डोंबिवलीहून पहाटेची लोकल पकडून त्याला घेऊन आली आहे. ती म्हणते, "चार दिवस आणखी पोटात राहिला असता, तर पुढच्या वर्षीच्या पोरांत सगळ्यात मोठा हाच असता."

त्या माउलीने एका वाक्यात जे सांगितलं, ते सिद्ध करायला संशोधकांना बरीच वर्षं लागली.

बेल्जियममध्ये काय झालं ते पाहा. तिथे मुलांच्या फुटबॉलचं वर्ष १ ऑगस्टला सुरू व्हायचं. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये जन्मलेली मुलं गटात थोरली, आणि निवडलेल्या संघांत त्यांचीच गर्दी. १९९७ मध्ये ही तारीख १ जानेवारीवर आणली गेली. संशोधकांनी आधीच्या आणि नंतरच्या हंगामातल्या जन्मतारखा शेजारी शेजारी मांडून पाहिल्या. एका हंगामात चित्र पालटलं होतं. आता जानेवारी-फेब्रुवारी-मार्चची मुलं पुढे, आणि कालपर्यंत गुणवान समजली जाणारी ऑगस्टची मुलं मागे. मुलं तीच, त्यांचे पायही तेच. बदलली होती फक्त तारीख.

अमेरिकेने तर याच रस्त्यावर जाऊन परत यायचं ठरवलं. तिथेही पूर्वी ऑगस्ट ते जुलै असं वर्ष होतं. आंतरराष्ट्रीय फुटबॉल जन्मसालाने चालतं म्हणून २०१६-१७ पासून तिथे जानेवारी ते डिसेंबर लागू केलं. पण शाळेचे वर्ग जन्मसालाने भरत नाहीत. सप्टेंबर ते डिसेंबरमध्ये जन्मलेल्या मुलांचे संघातले सोबती शाळेत एक इयत्ता पुढे. ते हायस्कूलच्या संघात निघून गेले की मागे राहिलेल्या या मुलांना खेळायला संघच उरेना. अनेक वर्षं पालकांनी हे गाऱ्हाणं लावून धरलं. २०२६-२७ च्या हंगामापासून तिथल्या मोठ्या युवा संघटनांनी पुन्हा १ ऑगस्ट ही तारीख धरली आहे.

हे सगळं आपल्यापासून लांबचं वाटेल. पण आपल्या या मुलाची इयत्ता विचारा. तो सातवीत आहे, रांगेतला पहिला आठवीत. कारण पहिलीच्या प्रवेशासाठी तेव्हा ३० सप्टेंबरपर्यंत सहा वर्षं पूर्ण लागायची. याची भरायची होती डिसेंबरात, म्हणून तो एक वर्ष थांबला. पुढे २०२० मध्ये राज्य शासनाने ही मुदत ३१ डिसेंबरवर नेली. म्हणजे त्याच्या मागून येणाऱ्या मुलांची शाळेतली आणि मैदानावरची तारीख जुळली. ती जुळण्याच्या जेमतेम आधीच्या मुलांपैकी हा एक. वर्गात थोरला, मैदानावर धाकटा.

आणि तारखेपुढे कुणाचं काही चालत नाही. २०१७ चा अंडर-सेव्हन्टीन विश्वचषक आपल्या दारात, नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवरही खेळला गेला. त्यासाठी जन्म १ जानेवारी २००० किंवा त्यानंतरचा हवा होता. ३१ डिसेंबर १९९९ च्या रात्री जन्मलेल्या मुलासाठी तो दरवाजा बंद होता. वय चोरणाऱ्यांना पकडायला मनगटाच्या हाडांवरून वय जोखणारी तपासणी आहे, आणि ती हवीच. पण ज्याने काहीच चोरलेलं नाही, फक्त जो वर्षाच्या शेवटी जन्मला, त्याच्यासाठी काय आहे?

तारीख कुठेही ठेवा, कुणीतरी धाकटा राहणारच. बेल्जियमने तेच दाखवलं. म्हणून आमचं मागणं तारखेबद्दल नाही. निवड करणाऱ्याच्या डोळ्यांसमोर मुलाचा महिना असावा, एवढंच.

(मार्करने बिबवर, म्हणजे शर्टावरून घालायच्या बिनबाह्यांच्या बंडीवर, आकडे लिहिणारा हात.)

त्यासाठी लागतं ते हे. एक मार्कर, बावीस बिब.

२०१७ साली प्रसिद्ध झालेला नेदरलँड्समधला एक प्रयोग आहे. फुटबॉल स्काउट्सना, म्हणजे गुणी खेळाडू हेरणाऱ्यांना, लहान मुलांचा सामना दाखवून खेळाडूंची क्रमवारी लावायला सांगितली. काहींना वयाबद्दल काहीच सांगितलं नाही. त्यांनी थोरल्या मुलांना झुकतं माप दिलं. काहींच्या हाती जन्मतारखांची यादी दिली. तरी तेच. तिसऱ्या गटाला सांगितलं, की शर्टाचे नंबर वयाच्या क्रमाने आहेत. तिथे तो कल नाहीसा झाला. यादी हातात असते, पण नजर मैदानावर. नंबर मात्र पळणाऱ्या मुलाबरोबर पळतो.

आझाद मैदानावर आज तेच करून पाहत आहेत. बिबचा रंग सगळ्यांचा एकच, पिवळा. जानेवारीच्या मुलाला १. मग फेब्रुवारी, मार्च. मे महिन्याचे दोघं निघाले, त्यांचे दाखले पुन्हा काढून दिवस बघितला. सर स्वतः गुडघ्यावर बसून प्रत्येकाला बिब घालतात. पोरांना वाटतं नंबर खेळाच्या जागेप्रमाणे आहेत. ९ म्हणजे गोल मारणाऱ्याचा नंबर, तो मिळालेला खुशीत आहे. आपल्या मुलाच्या वाट्याला आला २२. गुडघ्यापर्यंत लोंबणारा.

निवड झाली नाही की बरीच मुलं पुढच्या वर्षी येत नाहीत.

(शिट्टी. खेळ सुरू.)

चेंडू चिखलात अडकतो. १ नंबरचा धावत येतो, अंगाने रेटतो, चेंडू काढून नेतो. यात चूक काहीच नाही, त्याच्याकडे ताकद आहे आणि तो ती वापरतो. पण आता २२ कडे बघा. तो धडकायला जात नाही. दोन पावलं मागे थांबतो, चेंडू पाण्याच्या डबक्याकडे निघालाय हे त्याला आधीच दिसलंय. डबक्यात चेंडू मंदावतो. तिथे तो पोहोचलेला असतो.

छत्रीखाली सरांचं पेन थांबतं. ते मान वर करतात, बिबवरचा आकडा वाचतात आणि वहीत काहीतरी लिहितात.