छताखालचा राजा

(दृश्य : लंडन, व्हाइटहॉल रस्ता. हॉर्स गार्ड्सच्या इमारतीवरचं घड्याळ.)

या घड्याळाकडे जरा निरखून बघा. तबकडीवर दोनच्या आकड्यापाशी एक काळी खूण आहे. कुणाच्या हलगर्जीपणाचा तो डाग नाही, मुद्दाम केलेली आहे. ३० जानेवारी १६४९ रोजी, दुपारी दोनच्या सुमारास, रस्त्याच्या पलीकडे इंग्लंडच्या राजाचा शिरच्छेद झाला. त्या वेळेची ही आठवण.

आता मान वळवा. ती जागाही अजून उभी आहे : बँक्वेटिंग हाउस. नाव मेजवानीचं, पण इथलं खरं काम राजा दाखवण्याचं. परदेशी वकिलांना दाखवायचा, सरदारांना दाखवायचा आणि काही अंशी राजाला स्वतःलाच दाखवायचा.

(दृश्य : दालनाचा अंतर्भाग. रिकामी फरशी, उंच खिडक्या.)

१६०३ मध्ये स्कॉटलंडचा राजा जेम्स इंग्लंडच्याही गादीवर आला. विद्वान माणूस, बोलायची हौस दांडगी. राजे हे पृथ्वीवरचे देवाचे प्रतिनिधीच, आणि खुद्द देवानेही त्यांना देव म्हटलंय, असं त्याने १६१० साली पार्लमेंटला ऐकवलं. सभासदांनी ते ऐकून घेतलं. पैसे मंजूर करताना मात्र हात आखडताच ठेवला.

या देवाच्या दरबारात 'मास्क' नावाचा एक खेळ चाले. गाणी, कविता, नाच, आणि वरून खाली उतरणारे लाकडी ढग. संवाद म्हणायला पेशेवर नट. देव-देवता होऊन मिरवायला मात्र सरदार आणि त्यांच्या बायका. शब्द बेन जॉन्सनचे, देखावे इनिगो जोन्सचे. जोन्सने इटलीत जाऊन दृश्यभ्रमाची विद्या शिकून घेतली होती. रंगवलेल्या पडद्यांवरचे रस्ते, खांब, कमानी दूरवर गेल्यासारख्या दिसायच्या. पण त्यातली मेख अशी, की ते दृश्य अगदी अचूक दिसेल अशी जागा सभागृहात एकच. तिथे राजाची खुर्ची. बाकीच्यांना सगळं थोडं तिरकं, थोडं बिघडलेलं. त्यामुळे आपण राजापासून किती दूर आहोत हे प्रत्येकाला नाटक बघता बघताच कळे.

जेम्सला स्वतःला मात्र या उपदेशाचा कंटाळा येई. १६१८ च्या जानेवारीत असाच एक खेळ लांबला, नाचणारे दमले, तेव्हा राजाच ओरडला, की नाचत का नाहीत हे, मला बोलावलंय कशाला! मग त्याच्या मर्जीतला बकिंगहॅम पुढे झाला आणि अशा काही उड्या मारल्या, की महाराजांचा राग पळाला. हे लिहून ठेवलं ते व्हेनिसच्या वकिलातीतल्या एका पाद्र्याने. हा तमाशा जुन्या दालनातला. ते पुढच्याच वर्षी जळालं, आणि जोन्सने १६२२ पर्यंत त्या जागी हे नवं उभं केलं. ११० फूट लांब, ५५ फूट रुंद, ५५ फूट उंच; म्हणजे दोन घन शेजारी-शेजारी ठेवल्यासारखं. आजूबाजूला विटा-लाकडाचा, वाढेल तसा वाढत गेलेला राजवाडा, आणि मध्येच हे इटालियन शिस्तीचं दगडी काम. तेव्हाच्या लंडनकरांना ते केवढं परकं वाटलं असेल!

(दृश्य : कॅमेरा हळूहळू वर जातो. छत.)

१६२५ मध्ये जेम्स गेला आणि त्याचा मुलगा चार्ल्स गादीवर बसला. ठेंगणा, लाजाळू, बोलताना अडखळणारा. राजा म्हणून कच्चा, पण रसिक म्हणून पक्का. मांतुआच्या गोंझागा घराण्याचा चित्रसंग्रह त्याने जवळजवळ उचलूनच आणला. व्हॅन डाइकला दरबारात ठेवून घेतलं आणि त्याच्याकडून स्वतःची अशी चित्रं काढून घेतली, ज्यांत ठेंगणेपणा शोधूनही सापडत नाही. या छताचं काम त्याने रुबेन्सला दिलं. रुबेन्स तेव्हा स्पेनच्या वतीने तहाची बोलणी करायला लंडनला आला होता. नऊ चित्रं, मोबदला ३,००० पौंड, वर सोन्याची साखळी. १६३६ मध्ये ती बसवली गेली. मधल्या लंबगोलात बघा : जेम्स, गरुडावर पाय टेकून स्वर्गाकडे निघालाय आणि न्यायदेवता त्याला हात देतेय. मुलाने बापाला देव करून वर चिकटवला, आणि त्याच्या खाली स्वतःचं सिंहासन ठेवलं.

पण यातून एक अडचण झाली. मास्कसाठी शेकडो मेणबत्त्या आणि मशाली लागत. त्यांच्या धुराने चित्रं काळवंडतील म्हणून खेळच बंद करावे लागले, आणि शेजारी लाकडी मांडव उभारून तिथे न्यावे लागले. ज्या कामासाठी दालन बांधलं, तेच काम छताच्या पायी बाहेर गेलं.

दरबाराबाहेर या सगळ्याकडे बघणारी माणसं होतीच. विल्यम प्रिन या वकिलाने नाटकांविरुद्ध हजार पानांवर ग्रंथ लिहिला. त्यात रंगमंचावर येणाऱ्या बायकांना त्याने वेश्या म्हटलं होतं, आणि राणी हेन्रिएटा मारिया तर स्वतः दरबारी खेळांत उतरायची. प्रिनचे कान कापले गेले. तीन वर्षांनी पुन्हा खटला, आणि उरलेसुरले कानही गेले. या माणसाचं नाव लक्षात ठेवा.

आणि पैसा? १६२९ नंतर चार्ल्सने अकरा वर्षं पार्लमेंट बोलावलंच नाही. मग कर कसा घ्यायचा? एक जुना रिवाज सापडला : लढाईच्या वेळी बंदरांनी आरमारासाठी गलबतं द्यायची, नाहीतर त्याऐवजी पैसे. चार्ल्सने लढाई नसताना, आणि समुद्र कधी न बघितलेल्या परगण्यांवरही तो लावला. जॉन हॅम्पडन या जमीनदाराने एका गावच्या जमिनीवरचे २० शिलिंग भरायला नकार दिला. रक्कम त्याच्या दृष्टीने किरकोळ. पण प्रश्न होता की राजा विचारल्याशिवाय खिशात हात घालू शकतो का. बारा न्यायाधीशांनी निकाल दिला सात विरुद्ध पाच. राजा जिंकला, पण काठावर. आणि त्या पाच जणांची मतं घरोघर चर्चेत गेली.

(दृश्य : जोन्सची रेखाटनं. वादळ, ढग, यंत्रं.)

जानेवारी १६४०. मांडवात शेवटचा मास्क. रंगमंचावर वादळ उठतं, कलहदेवी थैमान घालते, आणि मग सिंहासनावर राजा प्रकट होतो. पात्राचं नाव फिलोजेनीस, म्हणजे प्रजेवर प्रेम करणारा. वादळ आपोआप शांत. राणी ढगात बसून वरून उतरते. त्या वेळी ती गरोदर होती. तेव्हा स्कॉटलंड बंड करून उठलं होतं, तिजोरीत खडखडाट होता आणि तीनच महिन्यांत चार्ल्सला पार्लमेंटपुढे हात पसरावे लागणार होते. वादळ शांत करणारी यंत्रं जोन्सकडे होती, राजाकडे नव्हती.

पुढचं भराभर सांगतो, कारण युद्धाच्या कथेला वेगळा भाग लागेल. ४ जानेवारी १६४२ रोजी चार्ल्स शिपाई घेऊन स्वतः पार्लमेंटच्या कॉमन्स सभागृहात शिरला, पाच सभासदांना पकडायला. पाखरं उडालेली. सभापती लेंथॉलला विचारलं, तर तो गुडघे टेकून म्हणाला, की या जागी सभागृह सांगेल तेवढंच मला दिसतं आणि तेवढंच बोलता येतं. त्याच वर्षी राजा आणि पार्लमेंट यांच्यात यादवी पेटली. १६४५ मध्ये नेझबीच्या लढाईत राजाचा कणा मोडला. डिसेंबर १६४८ मध्ये सैन्याने पार्लमेंटच्या दारात उभं राहून नको असलेले सभासद हाकलले. त्यांत कोण होता? प्रिन. ज्याच्या राजवटीत कान गेले, त्या राजावर खटला भरायला हा कानकापला विरोध करत होता.

(दृश्य : वेस्टमिन्स्टर हॉल.)

२० जानेवारी १६४९. न्यायासनाचा अध्यक्ष जॉन ब्रॅडशॉ. त्याने टोपीच्या आत पोलादी पत्रे बसवून घेतले होते, गोळीच्या भीतीने. ती टोपी आजही ऑक्सफर्डच्या अ‍ॅशमोलियन संग्रहालयात आहे. सरकारी वकील आरोपपत्र वाचू लागला, तसं चार्ल्सने त्याला थांबवण्यासाठी काठीने टोचलं. काठीची चांदीची मूठ निसटून खाली पडली. राजाने वाट पाहिली. आयुष्यभर काही पडलं की उचलायला कुणीतरी धावत असे. आज कुणीच हललं नाही. मग तो स्वतः वाकला, मूठ उचलली आणि खिशात ठेवली.

पण त्यानंतर तो बोलला ते न अडखळता. कोणत्या अधिकाराने मला इथे आणलंत, एवढंच तो पुन्हा पुन्हा विचारत राहिला. त्याला नीट उत्तर कुणालाच देता आलं नाही. शेवटी मृत्युदंडाच्या हुकमावर ५९ सह्या झाल्या.

शिरच्छेदाच्या आदल्या दिवशी त्याला दोन मुलं भेटायला आणली. तेरा वर्षांची एलिझाबेथ आणि आठ वर्षांचा हेन्री. शेवटच्या मास्कच्या वेळी आईच्या पोटात होता, तोच हा हेन्री. चार्ल्सने त्याला मांडीवर घेतलं आणि सांगितलं : आता माझं डोकं उडवतील, आणि कदाचित तुला राजा करतील, तुझे थोरले भाऊ जिवंत असेपर्यंत तू राजा व्हायचं नाहीस. पोरगं म्हणालं, आधी माझे तुकडे झाले तरी चालतील. एलिझाबेथने हे लिहून ठेवलं, म्हणून आपल्यापर्यंत आलं.

३० जानेवारी. कडाक्याची थंडी. चार्ल्सने दोन सदरे मागून घेतले. थंडीने कापलो, तर लोकांना वाटेल घाबरला. हा विचार ज्याला त्या सकाळी सुचला, त्याला आपण रंगमंचावर जातोय हे पक्कं ठाऊक होतं.

व्हाइटहॉल राजवाड्यात आणल्यावर त्याला काही तास ताटकळत ठेवलं. पार्लमेंटच्या ऐन वेळी लक्षात आलं होतं, की राजा मेला की त्याच क्षणी त्याचा मुलगा राजा होतो! म्हणून नव्या राजाची द्वाही फिरवायला बंदी करणारा कायदा आधी घाईघाईने मंजूर करायचा होता. तोवर राजाने पावाचा तुकडा आणि थोडी द्राक्षाची दारू घेतली.

मग याच दालनातून त्याला चालवत नेलं. वर बाप अजून स्वर्गाकडे निघालेला. खिडकीतून बाहेर काळ्या कापडाने मढवलेला चौथरा. मान ठेवायचा ओंडका इतका बुटका, की राजाला जवळजवळ पालथं झोपावं लागलं. सैनिकांची रांग अशी लावली होती की गर्दीपर्यंत त्याचं भाषण पोचूच नये. पण चौथऱ्यावरच्यांनी ते टिपून घेतलं. प्रजा आणि राजा या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत, असं तो तेव्हाही म्हणाला. एक तसूभर बदलला नव्हता. केस पांढऱ्या टोपीत खोचले. मुखवटा घातलेल्या जल्लादाचा एकच घाव.

गर्दीतून उठलेला कण्हण्याचा आवाज एका तरुण विद्यार्थ्याने टिपून ठेवलाय. असा आवाज पूर्वी कधी ऐकला नव्हता आणि पुन्हा ऐकायची इच्छा नाही, असं तो लिहितो. लोकांनी रक्तात रुमाल भिजवून घेतले. थोड्याच दिवसांत त्या रुमालांनी रोग बरे होतात असं बोललं जाऊ लागलं. राजाच्या नावाने प्रार्थना आणि आठवणींचं एक पुस्तक निघालं, त्याच्या वर्षभरात तिसाहून जास्त आवृत्त्या संपल्या. त्याला खोडून काढायला खुद्द कवी मिल्टनला बसवलं, तरी उपयोग झाला नाही. माझं मत विचाराल तर चार्ल्सची ही शेवटची भूमिका सर्वांत सरस वठली, आणि तिला ढग-यंत्रं काही लागली नाहीत.

(दृश्य : त्याच छताचा दुसरा कोन.)

राजेशाही जाऊन आलेल्या प्रजासत्ताकाने राजाची चित्रं विकायला काढली. ज्यांचं देणं होतं त्यांना द्यायला रोकड नव्हती म्हणून चित्रं वाटली. राजवाड्याचे नळ बसवणाऱ्या कारागिराच्याही वाट्याला काही आली. हे छत मात्र राहिलं. त्याच्या खाली आता सत्ता हाती घेतलेला सेनापती क्रॉमवेल परदेशी वकिलांना भेटू लागला. आणि ३१ मार्च १६५७ रोजी, याच दालनात, पार्लमेंटने त्याला राजमुकुट देऊ केला! पाच आठवडे त्याने तळ्यात-मळ्यात केलं. सैन्यातले जुने साथीदार खवळले होते. ८ मेला इथेच त्याने नकार दिला. मग जूनमध्ये जांभळा झगा, सोन्याचा राजदंड, तलवार, सगळं घेतलं. मुकुट तेवढा सोडून.

पण राजेशाही परत आली. २९ मे १६६० रोजी मारलेल्या राजाचा मुलगा, दुसरा चार्ल्स, लंडनला परतला. तीसावा वाढदिवस. पार्लमेंटची दोन्ही सभागृहं त्याच्या स्वागताला हजर झाली, तीही इथेच. महिन्याभरात या दालनात रोग्यांची रांग लागली. राजाच्या स्पर्शाने गंडमाळा बऱ्या होतात अशी समजूत. राजा दोन्ही हातांनी गाल कुरवाळी, पाद्री मंत्र म्हणे, आणि गळ्यात रिबिनीला ओवलेलं सोन्याचं नाणं पडे. कारकिर्दीत त्याने सुमारे ९०,००० माणसांना हात लावला म्हणतात. नाण्यासाठी किती आले आणि दुखण्यासाठी किती, कोण मोजणार.

हा चार्ल्स आपल्याही ओळखीचा. १६६१ च्या तहात पोर्तुगालच्या कॅथरिनबरोबर त्याला मुंबई बेट आंदण मिळालं, आणि १६६८ मध्ये त्याने ते वर्षाला १० पौंड भाड्याने ईस्ट इंडिया कंपनीला देऊन टाकलं.

त्याचा भाऊ दुसरा जेम्स पुन्हा बापाच्या वळणावर गेला आणि १६८८ च्या डिसेंबरात पळाला. १३ फेब्रुवारी १६८९. पुन्हा हेच दालन. समोर पळालेल्या जेम्सची मुलगी मेरी आणि तिचा नवरा विल्यम, दोघेही त्या मारलेल्या चार्ल्सची नातवंडं. आधी एका कारकुनाने हक्कांचा जाहीरनामा मोठ्याने वाचला : पार्लमेंटला विचारल्याशिवाय कर नाही, कायदा तहकूब करणं नाही, शांततेच्या काळात खडी फौज नाही. मग मुकुट पुढे केला गेला. हॅम्पडनचे २० शिलिंग अर्ध्या शतकानंतर असे वसूल झाले. विल्यमने रोग्यांना हात लावणंही बंद केलं.

(दृश्य : रात्र. व्हाइटहॉलचं जुनं रेखाचित्र.)

४ जानेवारी १६९८. राजवाड्यातल्या एका डच धोबिणीने ओले कपडे वाळत घातले, जवळ कोळशाची शेगडी. ठिणगी उडाली. दीड हजार खोल्यांचा व्हाइटहॉल जळून गेला. त्यात एक संगमरवरी अर्धपुतळाही गेला. व्हॅन डाइकने पहिल्या चार्ल्सचे तीन बाजूंनी काढलेले चेहरे रोमला पाठवले होते, त्यावरून बर्निनीने तो घडवला होता. लिलाव आणि प्रजासत्ताक या दोन्हींतून वाचलेला तो पुतळा वाळत घातलेल्या कपड्यांपायी संपला. जोन्सचं दालन तेवढं उरलं, छतासकट.