साठेखत झालं, खरेदीखत अडलं

(दृश्य: दुय्यम निबंधक कार्यालय. अंगठ्याचं यंत्र, कॅमेरा, प्रिंटरमधून निघणारी पानं.)

डावा अंगठा यंत्रावर, नजर कॅमेऱ्यात. लिहून देणार म्हणजे विक्रेता, लिहून घेणार म्हणजे खरेदीदार, आणि त्यांना ओळखणारे दोन साक्षीदार. एकेकाचा फोटो आणि ठसा दस्ताच्या शेवटच्या पानांवर उमटतो.

जमीन मात्र आज विकली गेलेली नाही. झालंय ते साठेखत, म्हणजे पुढे विकण्याचा करार. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम 1882 च्या कलम 54 नुसार अशा कराराने मिळकतीत हक्क निर्माण होत नाही. मालकी जाते ती नोंदणीकृत खरेदीखताने. फसवणुकीला वाव मिळतो तो या दोन कागदांच्या मधल्या काळात.

(दृश्य: स्टँप पेपर, नोटरीचा लाल शिक्का.)

आता हा कागद पाहा. इसाराची, म्हणजे आगाऊ दिलेली रक्कम लिहिली आहे, सह्या आहेत, नोटरीचा शिक्काही आहे. नोंदणी तेवढी राहिली. हा कागद वाया जात नाही. करारपूर्तीच्या, म्हणजे ठरल्याप्रमाणे खरेदीखत करून मागण्याच्या दाव्यात तो पुरावा म्हणून दाखल होतो. मुद्रांक कमी पडला असेल तर तो दंडासह भरावा लागतो. खरी अडचण पुढे येते. मालकाने तीच जमीन तिसऱ्याला विकली, की तो तिसरा म्हणतो, ‘आधीचा व्यवहार मला माहीतच नव्हता.’ किंमत मोजून, कसलीही माहिती नसताना, प्रामाणिकपणे घेणाऱ्याला कायदा संरक्षण देतो. साठेखत नोंदवलेलं असलं तर हा बचाव टिकणं कठीण, कारण नोंदणी हीच पुढच्या खरेदीदाराला दिलेली सूचना धरली जाते. नोंदणीचा खर्च वाचवू नका, हे आम्ही इथे ठासून सांगतो.

(दृश्य: पासबुक, पोस्टाची पोचपावती, वकिलांच्या टेबलावरची नोटीस.)

विक्रेता टाळाटाळ करू लागला तर विनिर्दिष्ट अनुतोष अधिनियम 1963 (स्पेसिफिक रिलीफ अॅक्ट) खाली करारपूर्तीचा दावा करता येतो. पूर्वी असा हुकूम देणं न्यायालयाच्या विवेकावर होतं. 1 ऑक्टोबर 2018 पासून लागू झालेल्या दुरुस्तीने तो विवेक काढून घेतला. खरेदीदाराची एक जबाबदारी मात्र कायम आहे: आपण आपला भाग पार पाडायला सुरुवातीपासून तयार होतो, हे सिद्ध करणं. रोकड घरात ठेवावी लागत नाही. ती उभी करण्याची ऐपत दाखवावी लागते. बँकेचा उतारा, कर्जमंजुरीचं पत्र, आणि ही नोटीस: ‘अमुक तारखेला सकाळी अकरा वाजता खरेदीखतासाठी हजर राहावे.’ त्या दिवशी आपण स्वतः तिथे असलं पाहिजे, आणि हजेरीचा काहीतरी कागद हातात पाहिजे. उलटतपासणीत पहिला प्रश्न याच दिवसाचा असतो.

दावा लावायची मुदत तीन वर्षांची. करारात तारीख ठरली असेल तर त्या तारखेपासून, नसेल तर विक्रेत्याचा नकार कळल्यापासून.

(दृश्य: पोलीस ठाण्याच्या पायऱ्या.)

माणसं आधी इथे येतात. साहजिक आहे. भारतीय न्याय संहितेच्या कलम 318 खाली फसवणुकीला सात वर्षांपर्यंत कैद आहे. पण गुन्हा ठरायला फसवण्याचा हेतू व्यवहार करतानाच असावा लागतो. बनावट कुलमुखत्यारपत्र (मालकाच्या वतीने व्यवहार करण्याचा अधिकार देणारा कागद), खोटा मालक उभा करणं, आधीच विकलेली जमीन पुन्हा विकायला काढणं, ही फसवणूक. नंतर भाव वाढला म्हणून शब्द फिरवणं हा करारभंग. अशी तक्रार उच्च न्यायालयात रद्द होऊ शकते. आणि तपास चालू आहे म्हणून दिवाणी दाव्याची मुदत थांबत नाही.

(दृश्य: तलाठी कार्यालय, फेरफार नोंदवही.)

दाव्यासोबत जमीन पुढे विकायला तात्पुरती मनाई मागायची. महाराष्ट्रात दावा प्रलंबित असल्याची नोटीसही नोंदवायची. नाहीतर दरम्यान जमीन घेणाऱ्यावर निकाल लादता येईलच असं नाही. दुसऱ्याच्या नावाने फेरफार, म्हणजे सातबारावरच्या नावातला बदल, पडला असेल तर फेरफाराच्या नोटिशीच्या मुदतीत लेखी हरकत द्यायची, म्हणजे नोंद तक्रारी, म्हणजे वादातली, होते आणि आधी सुनावणी घ्यावी लागते. सातबारावर नाव चढलं म्हणून मालकी ठरत नाही, हे खरं. पण पुढचा गिऱ्हाईक आधी सातबाराच पाहतो.

इसार परत हवा असेल तर तोही पर्याय म्हणून त्याच दाव्यात मागावा लागतो.

(दृश्य: न्यायालयाचा व्हरांडा, फायलींचे गठ्ठे. निवेदन थांबतं.)

निकालाला वर्षं जातात.

खरेदीदाराच्या बाजूने हुकूमनामा, म्हणजे न्यायालयाचा अंतिम आदेश, झाला की दिलेल्या मुदतीत उरलेली रक्कम भरायची. चुकलं तर विक्रेता करार रद्द करून मागू शकतो. रक्कम भरूनही तो सहीला आला नाही, तर न्यायालयाने नेमलेला अधिकारी त्याच्या वतीने खरेदीखतावर सही करतो.