तेरा गाणी, तीन गळे

आत्ता ऐकलंत ते गाणं सव्वातीन मिनिटांचं. नाव 'स्पार्कीज ड्रीम'. ग्लासगोच्या टीनएज फॅनक्लब या बँडचा 'ग्रां प्री' नावाचा अल्बम २९ मे १९९५ला बाजारात आला, त्यातलं हे दुसरं गाणं. मागच्या रांगेत दोघातिघांनी पायानं ठेका धरलेला मला इथून दिसला. त्या वर्षी ब्रिटनमध्ये एवढा ठेका फार जणांनी धरला नाही. या अल्बममधून जी सिंगल्स, म्हणजे सुटी विकायला काढलेली गाणी, निघाली त्यातलं एकही तिकडच्या खपाच्या यादीत पहिल्या तिसांत पोचलं नाही.

'उपेक्षित' हा शब्द आपण फार सढळ हातानं वापरतो, म्हणून आधी हिशेब नीट सांगतो. अल्बम म्हणून 'ग्रां प्री' ब्रिटनच्या यादीत सातव्या क्रमांकावर गेला होता, म्हणजे कोणी विचारलंच नाही अशातला भाग नाही. पण आज ब्रिटपॉप, म्हणजे नव्वदीतल्या ब्रिटिश गिटार बँडांची लाट, म्हटलं की जी चार-पाच नावं धडाधड बाहेर पडतात, त्यांत याचं नाव नसतं. ज्यांना आवडतो ते जीव टाकतात. बाकीच्यांना तो ठाऊकच नसतो. मी स्वतः तो ग्लासगोतल्या एका जुन्या सामानाच्या दुकानात दोन पौंडांना घेतला, शिकायला गेलो होतो तेव्हा. डबीला तडा गेलेला, आतल्या पुस्तिकेवर कोणीतरी निळ्या पेनानं 'जून ९५' लिहिलेलं. ज्यानं लिहिलं त्याला तो नकोसा का झाला असेल, हा विचार माझ्या डोक्यातून अजून गेलेला नाही. अर्थात घर बदललं असेल, दुसरं काय.

आता ते वर्ष कसलं होतं ते बघा. त्याची बीजं दोन वर्षं आधीच पेरली होती. एप्रिल १९९३मध्ये 'सिलेक्ट' मासिकानं स्वेड या बँडचा गायक ब्रेट अँडरसन याला ब्रिटिश झेंड्यापुढे उभं करून मुखपृष्ठ छापलं, वर मजकूर असा की अमेरिकनांनो, चालते व्हा. अमेरिकेतल्या सिॲटलच्या निर्वाणा या बँडमुळे ब्रिटिश गिटारवाल्यांचा जो जळफळाट झाला होता, त्याला तोंड फुटलं. मग ब्लर हा बँड आला, लंडनच्या उपनगरांतली माणसं गाण्यात घेऊन. 'ग्रां प्री'च्या बरोबर एक आठवडा आधी शेफिल्डच्या पल्प या बँडचं 'कॉमन पीपल' हे गाणं आलं आणि दुसऱ्या क्रमांकावर जाऊन बसलं. ऑगस्टमध्ये तर तमाशाच झाला. १४ ऑगस्टला ब्लर आणि ओएसिस या बँडांनी एकाच दिवशी सिंगल काढलं, आणि कोण पहिलं येणार हे टीव्हीच्या बातम्यांत सांगायला लागले. ब्लरच्या २,७४,००० प्रती विकल्या गेल्या, ओएसिसच्या २,१६,०००. दोन्ही गाणी त्या त्या बँडच्या चांगल्या गाण्यांत मोजावीत अशी नाहीत, हे आता त्यांचे चाहतेही मान्य करतात. पण कुस्तीच्या फडात पैलवानाची शैली कोण बघतो? कोण चीत झालं एवढंच.

या फडात टीनएज फॅनक्लबला उतरायला जागाच नव्हती. एक तर ही मंडळी स्कॉटिश. बँडमधल्या तीन गायकांपैकी नॉर्मन ब्लेक ग्लासगोजवळच्या बेल्सहिलचा. या गावानं सूप ड्रॅगन्स आणि बीएमएक्स बँडिट्स असे आणखीही बँड दिले, आणि तिथली पोरं एकमेकांच्या बँडमध्ये सारखी ये-जा करायची. बाकीचे दोघे रेमंड मॅकगिन्ली आणि जेरार्ड लव्ह. इंग्रजपणाचं जे कौतुक चाललं होतं त्यात यांना घेण्यासारखं काहीच नव्हतं. त्यातून यांचं दैवत कोण, तर बिग स्टार, बर्ड्स आणि नील यंग. सगळे अटलांटिकपलीकडचे. ज्या वर्षी आपलं ते ब्रिटिश असं वाजवून सांगायचं, त्या वर्षी यांच्या गिटारी कॅलिफोर्निया आणि मेम्फिसची नावं घेत होत्या.

बिग स्टारबद्दल दोन वाक्यं सांगितलीच पाहिजेत. मेम्फिसचा बँड, ॲलेक्स चिल्टन आणि क्रिस बेल यांचा. १९७२मध्ये त्यांनी पहिला अल्बम काढला, त्याला नाव दिलं 'नंबर वन रेकॉर्ड'. तो नीट दुकानांतही पोचला नाही. अशा बँडला गुरू मानणाऱ्यांचं पुढे काय होणार, हे कुंडली न मांडताही सांगता आलं असतं.

तसं यांचं नाव एकदा झालं होतं. १९९१च्या 'बँडवॅगनेस्क'ला अमेरिकेच्या 'स्पिन' मासिकानं त्या वर्षीचा सर्वोत्तम अल्बम ठरवलं, निर्वाणाच्या 'नेव्हरमाइंड'लाही मागे टाकून. खुद्द निर्वाणाचा गायक कर्ट कोबेन टीनएज फॅनक्लबचा चाहता. पण १९९३चा 'थर्टीन' समीक्षकांनी असा काही झोडपला की बँडचा संपलाच खेळ, असं लोक धरून चालले. ड्रमर ब्रेंडन ओ'हेअर गेला, त्याच्या जागी सूप ड्रॅगन्समधला पॉल क्विन आला. आणि दरम्यान त्यांच्याच क्रिएशन रेकॉर्ड्स कंपनीत नवा भिडू आला. मे १९९३मध्ये कंपनीचा मालक ॲलन मॅगी ग्लासगोतल्या किंग टट्स या छोट्याशा जागी गेला, तिथे मँचेस्टरची पाच पोरं वाजवत होती, आणि त्यानं त्यांना तिथल्या तिथे करार देऊ केला. ते ओएसिस. म्हणजे टीनएज फॅनक्लबच्याच गावात, त्यांच्याच मालकाला, पुढचा मोठा बँड सापडला. ओएसिसचा गायक लियम गॅलाघर नंतर म्हणायचा की टीनएज फॅनक्लब हा जगातला दुसऱ्या क्रमांकाचा बँड आहे. पहिला कोण ते विचारायची गरज नव्हती.

तर अशा अवस्थेत हे चौघे १९९४मध्ये ऑक्सफर्डशरमधल्या शिप्टन-ऑन-चेरवेल गावी गेले. तिथे द मॅनर नावाचा जुना वाडा होता. रिचर्ड ब्रॅन्सननं त्याचा स्टुडिओ केला होता, माइक ओल्डफिल्डचा 'ट्युब्युलर बेल्स' हा अल्बम तिथलाच. राहायचं तिथेच, जेवायचं तिथेच आणि रेकॉर्डिंगही तिथेच. सोबतीला अमेरिकन निर्माता डेव्हिड बिआंको. पुढच्याच वर्षी तो स्टुडिओ बंद पडला.

या अल्बमचा आवाज त्या वाड्यासारखा आहे असं मला वाटतं. प्रशस्त, कोरडा, खिडक्या उघड्या. आधीच्या अल्बमांमधलं गिटारचं धुकं इथे विरलंय. ओएसिसच्या रेकॉर्डवर सगळ्या गिटारी एकमेकींच्या अंगावर रेलून उभ्या असतात, भिंतीसारख्या. इथे दोन गिटारी, एक उजव्या कानात, एक डाव्या. मधून बास, म्हणजे खर्जातली गिटार, स्वतःची वेगळी चाल गुणगुणत जातो. लव्ह बास वाजवतो आणि तो गाणारा माणूस आहे, हे त्याच्या बोटांवरून कळतं.

आता गळ्यांकडे येतो, कारण खरी गंमत तिथे आहे. आपल्या कानाला एका चालीची सवय. गायक पुढे, पेटी त्याच्या मागे, आणि दिंडीत शंभर टाळकरी असले तरी अभंग सगळे एकाच चालीत म्हणतात. हार्मनीत तसं नसतं. एक जण षड्जावर असला तर दुसरा त्याच वेळी गंधारावर, तिसरा पंचमावर, आणि तिघं आपापल्या सुरावरून बरोबरीनं पुढे सरकतात. तीन माणसं एकच वाक्य बोलतायत, पण तीन वेगळ्या पायऱ्यांवर उभी राहून. बीटल्सकडे हे होतं, बर्ड्सकडे होतं. टीनएज फॅनक्लबचं वेगळेपण असं की इथले तिघंही गळे मोठे नाहीत. ब्लेकचा आवाज जरा गोड, मॅकगिन्लीचा आळसावलेला, नाकातून आल्यासारखा, आणि लव्हचा पातळ, थोडा बिचकणारा. एकेकट्यानं गायले तर शेजारच्या खोलीतला मुलगा गातोय असं वाटावं. तिघं एकत्र आले की छत उंच होतं. आणि बाकीचे दोघे कधीच मूळ गायकाला झाकत नाहीत, त्याला टेकू देतात.

त्यांचा नियम सरळ होता. ज्याचं गाणं, त्यानंच म्हणायचं. या अल्बमवर ब्लेकची पाच गाणी, मॅकगिन्लीची चार, लव्हची चार. म्हातारी आई वाटे करते तसे. आणि माझ्या मते वर्तमानपत्रांची अडचण इथेच झाली. ओएसिसच्या गॅलाघर बंधूंचं भांडण छापता येतं, पल्पच्या जार्विस कॉकरचा चष्मा आणि हातवारे छापता येतात. तीन समंजस माणसांनी आळीपाळीनं प्रेमगीतं लिहिली, यावर दोन पानं कोण भरणार?

'स्पार्कीज ड्रीम' आपण पुन्हा लावू, पण कशाकडे कान द्यायचे ते आधी सांगतो. लव्ह सुरुवात करतो ती जवळजवळ पोरकट कल्पनेनं: ती अंतराळात राहत असती तर मी विमान बांधलं असतं. पुढे मात्र ही मुलगी त्याला वाचताच येत नाहीये हे कळतं. तिच्या मनातलं ओळखायला जादूचे डोळे हवेत म्हणतो. आणि मग सगळे मिळून गातात की ही उन्हाळ्याची भावना उडून जाणार आहे. इथे आपली थोडी फसगत होते. उन्हाळा म्हटलं की आपल्याला घामाच्या धारा आणि पाण्याचे टँकर आठवतात. ग्लासगोत उन्हाळा म्हणजे वर्षातले मोजके दिवस. रात्री दहापर्यंत उजेड असतो, आणि लोक वेड्यासारखे बागेत जाऊन उघड्या अंगानं पडतात, कारण परवा पाऊस येणार हे सगळ्यांना पक्कं माहीत असतं. हे गाणं आनंदी वाटतं आणि घशाशी काहीतरी अडकतं, ते त्या परवाच्या पावसामुळे. चाल वर चढते त्याच ठिकाणी शब्द म्हणतात की हे टिकणार नाही.

लव्हचंच 'डोन्ट लुक बॅक' मला त्याहून थोर वाटतं. तुला घरी सोडायला मी गाडी चोरेन, असं एक वचन त्यात आहे. साध्या, भित्र्या आवाजात म्हटल्यामुळे ते खरं वाटतं. ओरडून म्हटलं असतं तर सिनेमातलं झालं असतं.

मॅकगिन्लीचं 'व्हेरिसिमिलिट्यूड' हे नाव ऐकून घाबरू नका. सत्याचा आभास, एवढाच अर्थ. त्या गाण्यात तो म्हणतो की मला ॲटिट्यूड नको, बंडखोरी म्हणजे घासून गुळगुळीत झालेलं वाक्य, माझं कडवं बरं जमलं म्हणजे झालं. यमक जुळवत, जांभई दिल्यासारखं म्हणतो. १९९५च्या लंडनमध्ये प्रत्येक जण मासिकासाठी तोंड वाकडं करून फोटो काढत होता, तेव्हा हे असं म्हणणं मला तरी फार धीटपणाचं वाटतं. त्याचंच 'अबाउट यू' पहिलं गाणं. शब्द पोस्टकार्डावर मावतील इतके, आणि तेच ते परत परत. कागदावर वाचलं तर हसाल, पण चालीवर ते उभं राहतं.

ब्लेकच्या गाण्यांत 'मेलो डाउट' हे सगळ्यात उघडंवाघडं. ॲकूस्टिक गिटार, आणि गिटारचा सोलो यायला हवा त्या जागी चक्क शीळ. सोलो म्हणजे गिटारवाल्याची छाती फुगवायची जागा. तिथे हा माणूस बसस्टॉपवर उभं राहिल्यासारखी शीळ घालतो. 'नील जुंग' हे नाव म्हणजे नील यंग आणि मानसशास्त्रज्ञ युंग यांची मोट, आणि शेवटी जी गिटार सुटते ती खरोखर नील यंगच्या ओसरीवरून आलेली.

सगळंच सोनं आहे असं मी म्हणणार नाही. 'से नो'पासून पुढे अल्बम थोडा सैलावतो, आणि शेवटचं 'हार्डकोर/बॅलड' ही दोन मिनिटांच्या आतली गंमत आहे: आधी धांगडधिंगा, मग एकदम हळुवार सूर. मित्रांच्या मैफिलीत खपून जाईल अशी. शब्दांच्या बाबतीत पल्पशी तुलना केली तर ही माणसं हरतात, यात वादच नाही.

कव्हरकडे मात्र जरूर बघा. त्यावर सिमटेक संघाची फॉर्म्युला वन गाडी आहे. सिमटेक हा शर्यतींमधला गरीब संघ. १९९४मध्ये इटलीतल्या इमोलाला त्यांचा ड्रायव्हर रोलांड रात्झेनबर्गर अपघातात मेला, आयर्टन सेना या विख्यात ड्रायव्हरच्या मृत्यूच्या आदल्या दिवशी, आणि सेनाच्या दुःखात बहुतेकांना त्याचं नावही लक्षात राहिलं नाही. १९९५मध्ये त्यांच्याकडून योस व्हर्स्टॅपन गाडी चालवत होता, आजचा ड्रायव्हर मॅक्स व्हर्स्टॅपन याचा बाप. २८ मे १९९५ला मोनॅकोची शर्यत झाली, ती सिमटेकची शेवटची; त्यानंतर संघाचं दिवाळं निघालं. दुसऱ्या दिवशी, सोमवारी, कव्हरवर त्यांची गाडी मिरवत 'ग्रां प्री' दुकानांत आला.

बँड मात्र चालू राहिला. पुढचा अल्बम १९९७चा, त्याचं नाव 'साँग्ज फ्रॉम नॉर्दर्न ब्रिटन', म्हणजे स्कॉटलंडला कोणी 'उत्तर ब्रिटन' म्हणावं तर तिथल्या माणसाला किती राग येईल, त्यावरचा विनोद. २०१८मध्ये क्रिएशनच्या काळातले अल्बम नव्यानं व्हिनाइलवर आले, आणि त्यांनी काही शहरांत ते जुने अल्बम मंचावर वाजवले. त्या कार्यक्रमांनंतर जेरार्ड लव्ह बँडमधून बाहेर पडला. लांबचे दौरे ठरत होते आणि त्याला ते विमानप्रवास नको होते. भांडणाची बातमी काही झाली नाही, यांच्यात ती कधी होतच नसे. पण ज्याचं गाणं त्यानंच म्हणायचं, हा नियम त्यांनी पाळला. लव्ह नाही, म्हणून लव्हची गाणी नाहीत. टीनएज फॅनक्लब आजही कार्यक्रम करतात, 'अबाउट यू' म्हणतात, पण 'स्पार्कीज ड्रीम' म्हणत नाहीत.

चला, ते पुन्हा लावतो. या वेळी बासवर लक्ष ठेवा.