माळावरची दिवसपाळी

(पहाट. पॅनेलच्या रांगा, धुणारी माणसं.)

जत तालुका. सांगली जिल्ह्याचं पूर्वेकडचं कोरडं टोक, पलीकडे कर्नाटक. ऊन चढायच्या आत ही सौर पॅनेल धुऊन व्हायला हवीत. काच तापल्यावर गार पाणी पडलं तर तडा जायची भीती. शिवाय पाणी जागच्या जागी वाळतं आणि बोअरच्या क्षाराचे पांढरे ठिपके मागे राहतात. म्हणून हे काम भल्या पहाटे. लांब दांड्याचा मऊ ब्रश, वरून पाण्याची बारीक धार. खालच्या कडेनं ओघळतंय ते मातकट पाणी बघा. ही धूळ काचेवर राहिली की तेवढी वीज कमी.

(इन्व्हर्टर. घरघर.)

सूर्य वर आला, पेट्या बोलायला लागल्या. पॅनेलमधून येते ती डीसी, म्हणजे एकाच दिशेनं वाहणारी वीज; विहिरीवरच्या पंपाच्या मोटारीला लागते एसी, म्हणजे सतत दिशा बदलणारी. इन्व्हर्टर ती बदलतो. ट्रान्सफॉर्मर तिचा दाब ११ हजार व्होल्टपर्यंत चढवतो आणि तारा समोरच्या सबस्टेशनात शिरतात. तिथून शेतीच्या फीडरवर, म्हणजे शेतीपंपांना वीज नेणाऱ्या लाइनीवर. पुण्या-मुंबईला नाही, याच शिवारातल्या मोटारींना.

मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेची ही रचना. जिथं वीज लागते, तिथंच जवळ ती तयार करायची. खासगी जमीन भाड्यानं दिली तर हेक्टरी वर्षाला सव्वा लाख रुपये, दरवर्षी तीन टक्के वाढ. मुरमाड माळाला एवढं भाडं कुणी देईल, असं इथं कुणाला वाटलं नसेल.

एरवी ही वीज कुठून यायची? राज्याची बरीचशी वीज आजही कोळशावरची. चंद्रपूरचं औष्णिक केंद्र एकटं २,९२० मेगावॉटचं, आणि तेही महाराष्ट्राच्या पार दुसऱ्या टोकाला. कोळशावरच्या विजेच्या एका युनिटमागं साधारण एक किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. एक मेगावॉटचा सौर प्रकल्प चार-पाच एकरांत बसतो, वर्षाला १५ लाखांच्या आसपास युनिट देतो. म्हणजे दीड हजार टनांच्या आसपास कार्बन डायऑक्साइड वाचला. फक्त एका मेगावॉटमागं.

(विहिरीवरचा स्टार्टर. हिरवं बटण दाबणारा हात. ड्रिपचा व्हॉल्व्ह.)

शेतीच्या लाइटला पाळी असायची. काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री. रात्रपाळी आली की हातात बॅटरी, पायाखाली काय येईल त्याचा भरवसा नाही. या डाळिंबाला आता भर दिवसा पाणी सुटतंय.

(निवेदन थांबतं. पाण्याचा आवाज.)

माळाला कुंपण पडलं, तेव्हा इथल्या माडग्याळी जातीच्या मेंढरांना लांबचा वळसा पडला, हेही खरं. आणि दिवस मावळला की गावातले दिवे पुन्हा कोयनेच्या आणि कोळशाच्या विजेवर.

(म्हैसाळ योजनेचा कालवा.)

हे कृष्णेचं पाणी. टप्प्याटप्प्यानं पंप लावून दुष्काळी पट्ट्यात चढवलेलं. या पंपांचं वीजबिल थकलं की आवर्तन, म्हणजे कालव्याच्या पाण्याची पाळी, अडतं, हे इथल्या बागायतदाराला वेगळं सांगावं लागत नाही. म्हैसाळ योजनाही सौर विजेवर चालवायची असं राज्य सरकारनं ठरवलंय, जर्मनीच्या केएफडब्ल्यू बँकेचं कर्ज घेऊन. त्या पंपांपुढं हा माळावरचा प्रकल्प अगदीच लहान.